अंदाजकर्त्याचे कर्तेपण

वाहतुकीचे मॉडेल कसे करावे आणि त्यातून उद्याच्या प्रवासाचा अंदाज कसा काढावा, हे शिकवणारे प्रशिक्षणवर्ग आता जगभर चालतात. काही विद्यापीठे घेतात, काही सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्याच घेतात. जर्मनीतल्या कार्ल्सरूहचे व्हिझम, माँट्रियलच्या विद्यापीठातून निघालेले एमे, अमेरिकेतले ट्रान्सकॅड ही नावे या क्षेत्रातल्या कुणालाही परकी नाहीत. पडद्यावरची बटणे निराळी असली तरी शिकवणीचा कणा बहुधा एकच असतो. शहराचे झोन पाडायचे, प्रत्येक झोनमधून रोज किती फेऱ्या निघतात ते लोकसंख्या, उत्पन्न आणि नोकऱ्यांवरून काढायचे, त्या फेऱ्या कुठल्या झोनकडे जातात ते वाटून द्यायचे, त्यांतल्या किती बसने, किती रेल्वेने, किती दुचाकीने होतील ते ठरवायचे आणि शेवटी त्या सगळ्या रस्त्यांच्या व मार्गांच्या जाळ्यावर चढवायच्या. मग रस्त्यावरच्या प्रत्यक्ष मोजणीशी आकडे जुळेपर्यंत सहगुणक हलवत राहायचे. जुळले की वर्ष बदलायचे: २०३१, २०४१. शेवटी शिकणाऱ्यापुढे एक आकडा येतो, अमुक मेट्रोमार्गावर अमुक वर्षी रोज इतके प्रवासी. या आकड्याशी त्याचे स्वतःचे नाते काय, हा प्रश्न वर्गात सहसा निघत नाही. मला तो या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. वेदान्ताच्या परिभाषेत विचारायचे तर अंदाज काढणारा माणूस उद्याच्या घडामोडीचा साक्षी आहे की कर्ता? या वर्गांची सगळी घडण त्याला साक्षी व्हायला शिकवते: आकडा आत गेला, आकडा बाहेर आला, आपण मध्ये कुठे नव्हतो. माझे म्हणणे असे आहे की ही भूमिका मुळातच चुकीची आहे. तो कर्ता आहे, आणि या कर्तेपणाची जाण दिल्याशिवाय त्याच्या हाती दिलेले कौशल्य लोकांना महागात पडू शकते.

या वाटेवर पहिली अडचण येते ती स्वातंत्र्याची, आणि ती आधी दूर केली पाहिजे. माणसे उद्या कुठे, कशाने जातील हे गणिताने सांगता येत असेल, तर माणसांची इच्छा ही भ्रांती ठरते आणि अंदाज काढणाऱ्याला खरोखरच साक्षीखेरीज दुसरी जागा उरत नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. मागच्या कर्माने बांधलेल्या जगात माणसाच्या प्रयत्नाला वाव उरतो का, हा त्यातला प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि नेमका आहे. पण प्रवासाच्या अंदाजशास्त्राने त्याचे जे उत्तर गृहीत धरले आहे ते समजले जाते तितके नियतिवादी नाही. १९५०च्या दशकात आधी डेट्रॉइटला आणि १९५५पासून शिकागोला डग्लस कॅरोल यांच्या हाताखाली जे मोठे अभ्यास झाले, त्यांत प्रवासी हा झोनमधून झोनकडे वाहणारा ओघ होता. त्या काळच्या अनेक मॉडेलांत गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर मोठे झोन जास्त फेऱ्या ओढत आणि अंतराबरोबर ओढ कमी होई. पुढे १९७०च्या दशकात डॅनियल मॅकफॅडन यांनी निवड करणाऱ्या एकेका माणसापासून सुरुवात केली, आणि त्यांच्या समीकरणात मोजता येणाऱ्या कारणांशेजारी एक पद असे ठेवले जे अभ्यासकाला कधीच दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या पदात त्या माणसाचे मन असते, त्याची सकाळ असते, त्याची लहर असते. म्हणून मॉडेल एखाद्या व्यक्तीबद्दल फक्त संभाव्यता सांगते. समूहात नियमितपणा दिसतो म्हणून व्यक्ती बांधलेली आहे असे निघत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेबाबत अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी १५ टक्के ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या गटाने ती सुरू होण्याआधी ६.३ टक्के सांगितले, प्रत्यक्षात ६.२ टक्के निघाले. आकडा इतका जवळ येण्यात नशिबाचाही हात होता हे मॅकफॅडन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. मला त्या अचूकतेपेक्षा हे मान्य करणे अधिक मोलाचे वाटते. तेव्हा प्रवाशाचे स्वातंत्र्य शाबूत आहे. प्रश्न उरतो तो अंदाजकर्त्याच्या स्वातंत्र्याचा.

तो सोडवायला न्यायदर्शन फार उपयोगी पडते. अनुमान म्हणजे काय आणि ते कुठे फसते याचा इतका बारकाईने विचार आपल्या परंपरेत दुसऱ्या कुणी क्वचितच केला असेल. गौतमाच्या न्यायसूत्रात अनुमानाचे प्रकार सांगितले आहेत. भाष्यकार वात्स्यायन त्यांची उदाहरणे देतो. ढग दाटले म्हणजे पाऊस पडेल हे कारणावरून कार्याचे अनुमान, आणि नदीला पूर आला म्हणजे वर कुठेतरी पाऊस झाला हे कार्यावरून कारणाचे. प्रवासाचे मॉडेल ही दोन्ही अनुमाने करते: आजच्या गर्दीवरून लोकांची गरज ओळखते आणि त्या गरजेवरून उद्याची गर्दी सांगते. याच ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात प्रतिपक्षी एक आक्षेप घेतो. नदीचे पाणी बांध घातल्यानेही चढते. मग पाण्याच्या चढण्यावरून पाऊस कसा ओळखणार? अनुमान हे प्रमाणच नव्हे. या आक्षेपाला दिलेले उत्तर वाहतुकीच्या प्रत्येक वर्गात शिकवावे असे आहे. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात फळे, पाने, लाकडे वाहत येतात. बांधाने तुंबलेल्या पाण्यात हे नसते. हा फरक न पाहता ज्याने निष्कर्ष काढला, दोष त्याचा आहे, अनुमानाचा नाही. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी झालेल्या या चर्चेत दोषाची जागा इतकी स्वच्छ दाखवलेली आहे की आज ‘मॉडेल चुकले’ असे कुणी म्हटले की ते वाक्य अपुरे वाटते.

शहराच्या प्रवासात बांधाने चढलेले किंवा बांधाने अडलेले पाणी फार आहे. एखाद्या वस्तीतून बसच्या फेऱ्या कमी नोंदल्या जातात त्या तिथे बसच येत नाही म्हणून, आणि त्या कमी फेऱ्यांवरून वस्तीला बसची गरज नाही असा निष्कर्ष निघतो. संध्याकाळनंतर बायकांचे प्रवास कमी दिसतात. रस्त्यावर दिवे नाहीत, स्थानकाबाहेर उभे राहवत नाही, हे कारण सर्वेक्षणाच्या रकान्यात येत नाही. मूल शाळेत सोडून, येताना भाजी घेऊन, सासूबाईंचे औषध आणून घरी परतणाऱ्या बाईची ती साखळी तीन-चार तुटक फेऱ्यांत मोडते, किंवा घरातल्या पुरुषाने तिच्या वतीने उत्तरे दिली असतील तर अर्धी नोंदलीच जात नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात असे दिसले की दिवसभरातल्या सुमारे निम्म्या फेऱ्या पायी होतात. ज्या महानगरात निम्मा प्रवास पायांनी होतो, तिथल्या वादाचा आणि पैशाचा फार मोठा भाग पूल, उन्नत मार्ग आणि सागरी रस्ते यांवर जातो, कारण मॉडेलच्या जाळ्यात ज्या रेषा काढलेल्या असतात त्यांवर फूटपाथ सहसा नसतो. जे जाळ्यात नाही त्याला उद्या नाही. झोन कुठे तोडायचा, कोणती फेरी मोजायची, कुणाला विचारायचे, हे सगळे निर्णय आहेत आणि ते कुणीतरी घेतलेले असतात. नैयायिक याला उपाधी म्हणतील: जिथे अग्नी तिथे धूर हे विधान खरे दिसते, पण ते ओल्या लाकडावर अवलंबून आहे आणि ते लाकूड विधानात सांगितलेले नाही. उत्पन्न वाढले की दुचाकी वाढते हे विधान आपल्या बहुतेक शहरांत खरे ठरते. त्यातले ओले लाकूड म्हणजे न येणारी बस.

इथपर्यंत सांगितलेला दोष कुठल्याही अनुमानाला लागू आहे; अधिक काळजी घेतली तर तो कमी होतो. प्रवासाच्या अंदाजाचे वेगळेपण पुढे आहे. पावसाचा अंदाज पावसाला कळत नाही. प्रवासाचा अंदाज मात्र सरकारला कळतो, बिल्डरला कळतो, बँकेला कळतो, आणि त्यावरून ते जे करतात त्याने उद्याचा प्रवास घडतो. ब्रिटनची गोष्ट या बाबतीत लखलखीत आहे. १९८९ साली तिथल्या सरकारने अंदाज प्रसिद्ध केला की २०२५पर्यंत रस्त्यांवरची वाहतूक ८३ ते १४२ टक्क्यांनी वाढेल, आणि त्याच्या आधारे रस्तेबांधणीचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. अंदाज करा आणि तेवढे पुरवा, अशी ती रीत होती. पाच वर्षांनी, १९९४ मध्ये, सरकारनेच नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सांगितले की नवा रस्ता नवी वाहतूक जन्माला घालतो, आणि अनेक योजनांच्या मूल्यमापनात हे धरलेलेच नाही. जे होणार म्हणून रस्ते बांधायचे होते, ते काही अंशी रस्ते बांधल्यामुळेच होणार होते. उलट दिशेचा अनुभव सोलचा. तिथे चंग्येचन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग २००३ पासून पाडला, २००५ मध्ये ओढा पुन्हा उघडा झाला, आणि शहराची वाहतूक कोलमडेल ही भीती खरी ठरली नाही. लोकांनी वेळा बदलल्या, मार्ग बदलले, साधने बदलली, काही फेऱ्या केल्याच नाहीत. गणिताच्या बाजूने तर डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्येच दाखवून दिले होते की जो तो आपापला कमी वेळाचा रस्ता पाहत असेल तर जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो. तेव्हा उद्याचा प्रवास कुठेतरी आधीच होऊन बसलेला नाही, की जो आपण फक्त दुर्बिणीतून पाहावा. अंदाज हा त्या उद्याच्या कारणांपैकी एक कारण आहे. जो स्वतः कारण आहे त्याला साक्षी म्हणता येत नाही.

कारण असणे वेगळे आणि जबाबदार असणे वेगळे, असे इथे कुणी म्हणेल. ते रास्त आहे, म्हणून पुरावा पाहू. बेंट फ्लुब्यर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १४ देशांतल्या २१० प्रकल्पांचे अंदाज आणि प्रत्यक्ष वापर ताडून पाहिले. रस्त्यांपैकी निम्म्यांबाबत चूक २० टक्क्यांहून जास्त होती, पण ती वरही होती आणि खालीही होती. रेल्वेच्या दहांपैकी नऊ प्रकल्पांत मात्र प्रवासी जास्त दाखवले होते, आणि सरासरी अंदाज प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक होता. अज्ञानातून होणारी चूक दोन्ही बाजूंना विखुरते. एकाच बाजूला झुकलेल्या चुकीमागे काहीतरी ओढणारे असते. ते काय, याचा अंदाज आपल्याकडच्या नियमांवरूनही करता येईल. केंद्र सरकारच्या २०१७च्या मेट्रो धोरणानुसार प्रकल्पाला मंजुरी मिळायची तर आर्थिक परताव्याचा दर १४ टक्क्यांचा उंबरा ओलांडणारा असावा लागतो. निकष ठेवण्यात गैर काहीच नाही. सार्वजनिक पैशाला उंबरा हवाच. पण आता अंदाज काढणाऱ्याला उत्तर आधी माहीत असते. वेळेची बचत, इंधनाची बचत, अपघातांतली घट हे सारे प्रवासीसंख्येवर अवलंबून, आणि प्रवासीसंख्या लोकसंख्येची वाढ, भाड्याचा दर, बसने गाडीपर्यंत येण्याची सोय अशा गृहीतकांवर अवलंबून. यांतले प्रत्येक गृहीतक थोडेसे उदार केले तर कुठेही खोटे न बोलता आकडा उंबऱ्यापलीकडे जातो. ब्रिस्बेनचा क्लेम सेव्हन बोगदा मार्च २०१० मध्ये सुरू झाला. गाड्या अंदाजाच्या लहानशा हिश्श्याएवढ्याच आल्या, आणि वर्ष पुरे होण्याआधीच, फेब्रुवारी २०११ मध्ये, तो चालवणारी कंपनी बुडीत निघाली. अंदाज देणाऱ्या सल्लागार कंपनीने पुढे न्यायालयीन दाव्यात मोठी रक्कम देऊन २०१५ मध्ये तडजोड केली. तिथे गुंतवणूकदारांनी न्यायालय गाठले. ज्या शहरात प्रवासी न येणाऱ्या मार्गामुळे बसगाड्यांचा पैसा आटतो, तिथल्या बसप्रवाशाला कुठलेच न्यायालय सापडत नाही.

या पुराव्यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. योनास एलियासन आणि मोगेन्स फॉसगेराउ यांनी २०१३ मध्ये दाखवले की अशी एकतर्फी चूक निघायला कुणी अप्रामाणिक असण्याची गरजच नाही. समजा दहा मार्गांचे दहा प्रामाणिक अंदाज काढले. काही योगायोगाने जास्त येतील, काही कमी. बांधले जातील ते जास्त अंदाजाचे. मग बांधलेल्या मार्गांपुरते पाहिले तर अंदाज नेहमीच फुगलेले दिसणार, कारण कमी अंदाजाचे मार्ग फायलीतच राहिले. हा युक्तिवाद मला पटतो. त्यामुळे प्रत्येक चुकलेल्या अंदाजामागे लबाडी पाहणे अन्यायाचे ठरेल, आणि रात्रंदिवस खपणाऱ्या अनेक सचोटीच्या अभियंत्यांवर तो अन्याय होतो. पण माझ्या मुद्द्याला याने धक्का लागत नाही. उलट तो मजबूत होतो. कर्तेपण हे वाईट हेतूवर अवलंबून नसते. निवडीच्या या चाळणीतून आपला आकडा जाणार आहे आणि चाळणी मोठ्याच आकड्याला पुढे ढकलते, हे आता माहीत आहे. हे माहीत असूनही जो एकच आकडा, दशांशासकट, मर्यादा न सांगता पुढे ठेवतो, त्याने निष्पाप हेतूने का होईना, एक कृती केलेली असते.

दुसरा आक्षेप आपल्या परंपरेतूनच येतो आणि तो अधिक खोल आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, निरनिराळ्या हालचाली आणि पाचवे दैव. आणि लगेच म्हटले आहे की असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. तर मग मंत्रिमंडळ, वित्तसंस्था, ठेकेदार, मतदार एवढ्या सगळ्यांत त्या संगणकापुढे बसलेल्या तरुण अभियंत्यालाच का धरायचे? त्याने आपले नेमून दिलेले काम करावे, फळावर नजर ठेवू नये, हीच गीतेची शिकवण नाही का? हा युक्तिवाद कार्यालयांत वेगळ्या शब्दांत रोज केला जातो. पण गीतेच्या त्या यादीत कर्ता पाचांतला एक म्हणून ठेवला आहे, यादीतून काढलेला नाही. एकटेपणाचा अहंकार सोडायला सांगितले आहे, वाटा सोडायला नाही. आणि फळाची आसक्ती सोडणे म्हणजे परिणामांचा विचार सोडणे असा अर्थ तर त्याच अध्यायाने स्पष्ट नाकारला आहे. पुढे कर्माचे तीन प्रकार सांगताना, परिणाम काय होईल, नाश किती होईल, कुणाला इजा पोचेल, आपली कुवत किती, हे न पाहता मोहाने सुरू केलेल्या कर्माला तिथे तामस म्हटले आहे. अंदाज काढणाऱ्याचे तर कामच परिणाम पाहण्याचे. त्याने जी आसक्ती सोडायची ती वेगळी: कंत्राट पुढे मिळावे, साहेब खूश व्हावेत, आपल्या गावात मेट्रो यावी याची. या अर्थाने निष्काम असलेला मॉडेलरच परिणामांकडे सरळ पाहू शकतो. निष्काम कर्माचा आधार घेऊन परिणामांकडे पाठ फिरवणे हा त्या तत्त्वाचा सर्वांत सोयीस्कर आणि सर्वांत चुकीचा वापर आहे.

कर्तेपणाचा आणखी एक थर आहे, तो मूल्यांचा. मॉडेलात प्रवासाचा वेळ ही वजाबाकी असते. जितका वेळ कमी तितके माणसाचे भले अधिक. या वेळेला रुपयांत किंमत लावतात, आणि आपल्याकडच्या महामार्गांच्या आर्थिक हिशेबात मोटारीत बसलेल्याच्या तासाची किंमत साध्या बसमधल्या प्रवाशाच्या तासापेक्षा जास्त धरण्याची रीत आहे, कारण त्याची कमाई जास्त. गणिताला यात काही खटकत नाही. पण ज्या देशात सर्व जीवांत एकच आत्मा पाहण्याचे तत्त्वज्ञान कीर्तनातून गावोगाव पोचले, तिथे एका नागरिकाचा तास दुसऱ्याच्या तासाहून हलका धरून पूल कुठे बांधायचा ते ठरवावे, हे कुणाला तरी खटकले पाहिजे. ब्रिटनमध्ये कामाव्यतिरिक्तच्या प्रवासासाठी सर्वांच्या वेळेला सारखीच किंमत देण्याची पद्धत दीर्घकाळ पाळली गेली, म्हणजे दुसरा मार्ग तांत्रिकदृष्ट्याही उपलब्ध आहे. आणि वेळ ही नेहमी वजाबाकीच असते का? आळंदीहून आणि देहूहून पालख्यांबरोबर पंढरपूरला निघालेले वारकरी सुमारे तीन आठवडे चालतात. एसटी आहे, रेल्वे आहे, त्यांना ते ठाऊक आहे. प्रवासाची मागणी ही नेहमी दुसऱ्या कशाची तरी उपज असते, कुणी प्रवासासाठी प्रवास करत नाही, हे या शास्त्राचे पहिले गृहीतक लाखो माणसे दर आषाढीला पायांनी खोडतात. वारी हा अपवाद आहे, त्यावरून रोजची लोकल कशी समजेल, असे कुणी विचारेल. सकाळी आठ वाजता कुर्ल्याला गाडीत लटकणाऱ्याच्या वेळेला वजाबाकी धरणे योग्यच आहे, यात वाद नाही. पण अपवाद एवढे सिद्ध करतो की ते वजाचे चिन्ह निसर्गाने दिलेले नाही, आपण लावलेले आहे. पॅट्रिशिया मोख्तारियन आणि इलान सालोमन यांनी २००१ मध्ये हेच गृहीतक वारीशी काही संबंध नसलेल्या प्रवाशांच्या बाबतीतही तपासून पाहिले, आणि ते वाटते तितके पक्के नाही असे त्यांना आढळले. जे आपण लावतो त्याचे उत्तर आपण द्यायचे असते.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. एवढे सगळे मनावर घेतले तर अंदाज काढायचाच नाही का? मग निर्णय कशावर होणार, मंत्र्याच्या मर्जीवर? माझे उत्तर असे की अंदाज काढलाच पाहिजे. मॉडेल नसलेल्या शहरात अन्याय कमी होत नाही, तो फक्त मोजला जात नाही. बार्टबाबतचा अधिकृत अंदाज खोडून काढायलाही दुसरे मॉडेलच लागले. फेऱ्या काढणे, वाटणे, साधन ठरवणे आणि जाळ्यावर चढवणे या चार पायऱ्या, सहगुणक, जुळवणी हे सारे शिकवलेच पाहिजे आणि नीट शिकवले पाहिजे. अडाणी कर्त्यापेक्षा कुशल कर्ता नेहमीच बरा. पण कर्तेपणाचे शिक्षण म्हणजे शेवटच्या तासाला नीतीवर एक व्याख्यान, असे मला अभिप्रेत नाही. ते त्या कामाच्या आतच येऊ शकते. एका आकड्याऐवजी पल्ला द्यायचा, आणि तो पल्ला कुठल्या गृहीतकामुळे रुंदावतो हे सामान्य नगरसेवकालाही कळेल अशा भाषेत लिहायचे. प्रत्येक गृहीतकाशेजारी ते कुणी निवडले हे नोंदवायचे. ‘जर असे केले तर असे होईल’ या रूपातच उत्तर द्यायचे, म्हणजे ‘जर’ कुणाच्या हातात आहे हे दिसत राहील. हवा तो आकडा काढून मागितला गेला तर काय करायचे, हा प्रश्न मार्टिन वॉक्स यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस नियोजकांपुढे उघडपणे मांडला होता. नकार देण्याची वेळ नोकरीत पहिल्या दोन-तीन वर्षांतच येते, आणि तिची तयारी झालेली नसेल तर माणूस होकार देऊन बसतो.

आणि सर्वांत आधी, मागे वळून पाहायला शिकवायचे. अमेरिकेत केंद्राच्या मोठ्या अनुदानातून झालेल्या मेट्रो आणि रेल्वे प्रकल्पांना सुरू झाल्यानंतर दोन वर्षांनी अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना करून द्यावी लागते. हा नियम २०००च्या अखेरीस आला. आपल्याकडच्या वर्गात मॉडेल शिकवायला बहुधा एखादे काल्पनिक, छोटे, सरळ रेषांचे शहर देतात. त्याऐवजी मुंबईच्या मोनोरेलचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २०१४ मध्ये ती धावू लागली आणि प्रवासी अंदाजाच्या जवळपासही गेले नाहीत. तिचा मूळ अहवाल, त्यातल्या गृहीतकांची यादी आणि चेंबूर ते वडाळा या पट्ट्यातली ती सुरू झाल्यानंतरची मोजणी विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि विचारावे: पाणी कुठे बांधाने चढले होते, कुठे खरा पूर होता, आणि त्यातला कोणता फरक तेव्हाच दिसण्यासारखा होता? हा अभ्यास करायला आठवडा लागेल, आणि सॉफ्टवेअरची चार बटणे शिकायची राहतील. ती नंतर पुस्तिकेवरूनही शिकता येतात.